अक्काच्या फ्रिजमधला धूर

रविवार, ४ जानेवारी २०२६

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या आठवड्यात मी इथं लिहिलं होतं की अक्काच्या नवऱ्यानं, व्यंकटनं फ्रिज आमच्या तोंडावर फेकल्यासारखा परत पाठवला. तसं झालेलं नाही. आज बाजारात टेम्पोवाला भेटला. तो म्हणाला, लातूरहून फ्रिज आणायला त्याला अक्कानंच फोन केला होता. तो पोचला तेव्हा व्यंकट कामावर होता. अक्काच्या सासूनं दार उघडून दिलं. म्हणजे फ्रिज त्यांनी पाठवला नाही, अक्कानं मागवून घेतला. चूक माझी. राग मात्र तेवढाच आहे.

बाकीचंही नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या रागाच्या भरात माझ्याकडून काही वाढवून सांगितलं जाणार नाही. राजकन्या अक्का माझी थोरली बहीण. तिचं लग्न लातूरच्या व्यंकटशी झालं तेव्हा आमच्या वडिलांनी, दादांनी आंदणात हा फ्रिज दिला. आमच्या भोकरच्या घरी तेव्हा पाण्याचा माठ होता. गेल्या मे महिन्यात व्यंकटनं साहेबाला आणि कचेरीतल्या लोकांना शुक्रवारी मटणाचं जेवण दिलं. जेवलेले सगळे आजारी पडले, साहेबाला सलाईन लागलं. सगळे बरे झाले, पण व्यंकटची होऊ घातलेली बढती गेली. मग भावकी बसवून सांगण्यात आलं की या बाईच्या हाताला गुण नाही, हिनं नासकं रांधून वाढलं. अक्का एक शब्द बोलली नाही. पिशवी उचलून माहेरी आली. तेव्हापासून नात्यात कुठं कार्य असलं तर तिला कांदा चिरायलासुद्धा कुणी बोलवत नाही.

घरात शिकलेली मी पहिलीच. इथल्या एका दुधाच्या शीतकरण केंद्रात तपासणीचं काम करते. काय नासतं, का नासतं, हे बघणं हीच माझी नोकरी. आणि डाग पडला तो माझ्या बहिणीच्या हातावर.

टेम्पोत आडवा घालून आणल्यामुळं फ्रिज बंद पडलाय. दुरुस्त होणार नाही म्हणे. न होवो. याच फ्रिजची मी धुराची पेटी करणार. माय पूर्वी नवसाच्या कंदुरीचं उरलेलं मटण पट्ट्या कापून चुलीवर दोरीला टांगायची, ते महिनाभर टिकायचं. आता घरात चूल नाही, धूर नाही. पेटीत तेच करायचं. ज्यांनी अक्काच्या हाताला नाव ठेवलं, त्यांनाच तिच्या हातचं, तिच्याच फ्रिजमधलं, बर्फाशिवाय टिकलेलं मटण खाऊ घालायचं. ते बोटं चाटतील तेव्हा सांगायचं.

बुधवार, ७ जानेवारी

मेकॅनिकनं गॅस काढून घेतला आणि मागचं सगळं यंत्र सोडवलं. मग पत्र्याच्या कोठ्या करणारा बालाजी आला. मी त्याला सांगितलं की आतलं प्लास्टिक आणि भिंतीतला पिवळा फोम सगळा खरवडून काढायचा, आतून स्टीलचा पत्रा ठोकायचा, धुराचा पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नको, साध्या लोखंडाचा हवा. जाळ्याही मुलाम्याच्या आहेत, त्या बाद. आगटी बाहेर राहील, धूर खालून आत जाईल आणि वरच्या धुराड्यातून निघेल. तो ऐकत होता. शेवटी अक्काकडं बघून म्हणाला, "ताई, फ्रिजला हुक्का पाजून राहिल्या का?" अक्का खो खो हसली. मे महिन्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बिचारी मला बरं वाटावं म्हणून हसते.

एक गोष्ट लिहायची राहते. या फ्रिजच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली सासूच्या, सिंधुबाईंच्या कमरेला असायची. दूध, दही, फळ, काहीही घ्यायचं तर अक्कानं मागायचं. हे मला आज कळलं, तेही बालाजीनं विचारलं म्हणून. तो म्हणाला, कुलूप राहू द्या, मुलामा नाही, नडणार नाही. अक्का म्हणाली आधी तेच काढ. ड्रिल मारून ते बाहेर पडलं तेव्हा तिनं उचललं आणि नाल्यात भिरकावलं. पेटीच्या दृष्टीनं त्याची गरज नव्हती, उलट दाराला भोक पडलं आणि ते बुजवावं लागलं.

आंदण आमचं, किल्ली त्यांची. हे वाक्य मी लातूरला सगळ्यांसमोर म्हणणार आहे.

रविवार, ११ जानेवारी

पहिला प्रयोग फसला. सकाळी बोकडाच्या मांडीचं मटण आणलं. अक्कानं पट्ट्या कापल्या, मीठ, हळद, लसूण, तिखट चोळलं. बाभळीचे निखारे केले, वर जांभळाचे ओले तुकडे टाकले. धूर छान धरला. तापमापक सगळं बरोबर दाखवत होता (केंद्रातला नाही, माझ्या पैशांनी आणलेला). मी म्हणाले झालं. अक्कानं दार उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "न्हाई. ह्याच्यात पलास्टिक हाय."

मला वास येत नव्हता. दादांनाही नाही. मायनं तर म्हटलं की रविवारचं मटण टाकून देणारी लेक जन्माला घातली. अक्कानं हात घालून वरच्या कोपऱ्यात पत्र्यामागं राहिलेला नखाएवढा तुकडा काढला. वितळून काळा झालेला. सगळं मटण खड्ड्यात पुरलं, कुत्र्यालाही घातलं नाही.

जेवायला भात आणि वरण.

सोमवार, १२ जानेवारी

माझ्या केसांना धुराचा वास येतो, केंद्रात सगळे विचारून राहिले. सांगितलं, शेकोटी केली होती. हे खोटं आहे. उद्या खरं सांगीन.

गुरुवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. गल्लीतल्या हळदीकुंकवाला माझ्यासारख्या बिनलग्नाच्या पोरीला हाक आली, अक्काला आली नाही. समोरच्या ज्योत्स्नाकाकूंनी मायला विचारलं, राजकन्याचं ते काय ठरलं, म्हणजे कसं बोलवायचं ते कळत नाही. माय घरात निघून आली. अक्का दारात पेटीचं धुराडं घासत होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. गुणगुणत होती. मला तर ते गुणगुणणं ऐकवत नाही.

आज कर. दुसरा घाणा काल संध्याकाळीच तयार झाला, या वेळी अक्काच्या नाकानं पास केला. करीला मटण खायचं म्हणून दादा आठ दिवस वाट बघत होते आणि कर आली गुरुवारी. दादा गुरुवार पाळतात. मटण पेटीतच राहिलं. दादा म्हणाले, देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून पेटी आहे, उपासाच्या दिवशी मटण तिथं असलेलं बरं दिसत नाही. त्यावर अक्कानं विचारलं, "मंग काढून बाहेर पायरीवर ठिऊ का दादा? दिवसभर?" आणि एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. दादा गोंधळले. मीही. यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. दुःख फार साठलं की माणूस असं भलत्या जागी हसतं, असं मी कुठंतरी वाचलंय.

पेटी जागची हलवली नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज खाल्लं. वर्णन करत बसत नाही. दादांनी भाकरी मोडता मोडता मायला म्हटलं, "यशोदे, तुझ्या चुलीचं हाय की न्हाई हे?" माय म्हणाली, चुलीपेक्षा बरं हाय.

मी एक वाटी मुद्दाम ज्योत्स्नाकाकूंकडं नेली. कुणी केलं ते सांगितलं नाही. त्यांनी दारातच उभ्यानं वाटी संपवली आणि आणखी आहे का विचारलं. मग सांगितलं, राजकन्या अक्काच्या हातचं आहे, जिला तुम्हाला कसं बोलवायचं ते कळत नाही. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हातातली वाटी कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना.

मला छान वाटलं. फार छान वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. एका वाटीत एवढं, तर भरल्या मांडवात किती वाटेल.

मंगळवार, २० जानेवारी

केंद्राच्या प्रशिक्षणासाठी लातूरला गेले होते. प्रशिक्षण दुपारीच संपलं, म्हणून अंजूला भेटले. अंजू व्यंकटच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, एका क्लासमध्ये शिकवते. लिंगायत, मटणाच्या वाटेला न जाणारी. अक्काशी तिची चांगली मैत्री होती.

तिनं सहज बोलता बोलता सांगितलं. त्या जेवणाचं मटण बुधवारी आणलं होतं. मधला दिवस गुरुवार. त्या गुरुवारी सकाळी क्लासला निघताना तिला जिन्याच्या पायरीवर झाकलेलं पातेलं दिसलं. संध्याकाळी दिवेलागणीला आली तेव्हाही ते तिथंच होतं. मे महिना, वर पत्रा. तिला वास सहन होईना म्हणून तिनं सिंधुबाईंना हटकलं. त्या म्हणाल्या, "माझा गुरुवार हाय माय. आत देवाचं दूध हाय. उपास सुटला की ठिवते."

आणि उपास सोडून त्यांनी पातेलं परत फ्रिजमध्ये ठेवलं. शुक्रवारी अक्काच्या हातात आलं ते गारेगार.

आता सगळं जुळतं. किल्ली सिंधुबाईंकडं, म्हणजे पातेलं दुसरं कुणी काढूच शकत नव्हतं. दिवसभर उकाड्यात राहिलेल्या मटणात जे विष तयार होतं ते शिजवल्यानं जात नाही, हे मी रोज तपासणाऱ्या दुधाबद्दल सांगत असते. म्हातारीला सगळं माहीत होतं. भावकी बसली तेव्हा ती तिथंच बसली होती. तोंडात पदर धरून बसली होती, असं दादांनी सांगितलेलं मला आठवतं. आम्हाला वाटलं, सुनेची लाज वाटून.

अंजूला विचारलं, चारचौघांत सांगशील? ती म्हणाली, राजकन्येला चालणार असेल तर सांगीन. मी म्हणाले, न चालायला काय झालं.

बुधवार, २१ जानेवारी

अक्काला सांगितलं. ती पेटीतले हुक धूत होती. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा माझ्या गळ्यात पडेल.

ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."

मी विचारलं, पातेलं बाहेर होतं हे ठाऊक होतं?

"पायरीवरून तर येत जात व्हते मी दिवसभर."

मग भावकीत तोंड का उघडलं नाहीस, असं मी विचारलं. तिनं हातातला हुक पालथा करून बघितला, पुसला, बाजूला ठेवला. मग म्हणाली, "शुक्रवारी झाकण काढलं तवाच वास आला. मसाला दुप्पट टाकला अन् वाढलं. मी जेवले न्हाई त्या दिवशी. तूच बघ आता."

पुढचा हुक उचलत म्हणाली, "अयोध्ये, मला इथं बरं हाय. त्या घराचं नाव काढू नको."

मी हे तिचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत, कारण मला ते विसरायचे नाहीत. केवढं मन आहे तिचं. स्वतःचं आयुष्य गेलं तरी म्हातारीकडं बोट जाऊ नये म्हणून सगळा दोष आपल्या अंगावर घेते. जिच्या नाकाला नखाएवढं प्लास्टिक कळलं ती जाणूनबुजून नासकं वाढेल, हे कुणाला तरी पटेल का? मला शपथेवर विचारलं तरी मी नाही म्हणेन.

आणि "मला इथं बरं हाय" हे तर ती आम्हाला जड वाटू नये म्हणून म्हणते.

रविवार, २५ जानेवारी

तिसरा घाणा. दादांनी इस्लापूरच्या एका ढाबेवाल्याला चव दिली होती, तो आज स्वतः आला. सहस्रकुंडाचा धबधबा बघायला येणारी माणसं असलं काही मागतात म्हणाला, दर आठवड्याला द्याल का? अक्कानं माझ्याकडं किंवा दादांकडं न बघता हो म्हटलं. भाव तिनं ठरवला, बोकड कुणाकडून घ्यायचा तेही. मग बालाजीला बोलावून आणखी एखादा बंद पडलेला फ्रिज मिळेल का विचारलं. तो म्हणाला, "ताई, आता आख्खं भोकर हुक्का वढणार." ती म्हणाली, भोकर काय, माहूरपर्यंत नेते.

दादांना आनंद झाला. मला भीती वाटली. ती इथं रमल्याचं दाखवतेय आणि सगळे ते खरं मानायला लागलेत. अजून थोडे दिवस गेले तर लातूरवाले म्हणतील, बघा, तिलाच यायचं नव्हतं. दोष कायमचा तिच्याकडं राहील. घाई करायला हवी.

आणि संधी आलीच आहे. व्यंकटच्या बहिणीच्या पोराचं जावळ निघालंय, ६ फेब्रुवारीला, शुक्रवारी, लातूरच्या घरीच. अंजूनं फोनवर सांगितलं. बोकड कापणार, सगळी भावकी येणार, तो साहेबसुद्धा. भाचा मामाच्या मांडीवर बसणार, म्हणजे व्यंकटच्या. शेजारी मामीचा पाट असतो. तो रिकामा ठेवणार की काय करणार, हे मला बघायचंय.

शनिवार, ३१ जानेवारी

एक वाईट विचार आला, तो लिहून टाकते. लातूरला न्यायच्या मटणातल्या दोन पट्ट्या अर्ध्या कच्च्या काढायच्या, एक दिवस पायरीवर ठेवायच्या, आणि त्या नेमक्या सिंधुबाईंच्या ताटात वाढायच्या. तिलाही कळू दे. कसं करायचं ते मला पूर्ण माहीत आहे, तेच तर मी शिकले. दुपारभर हा विचार माझ्यासोबत होता. मी त्या पट्ट्या वेगळ्या काढल्याही होत्या.

परत आत टांगल्या. पाप लागेल म्हणून नाही. कुणाचं पोट दुखलं तर पुन्हा अक्काच्या हाताला नाव येईल म्हणून. लातूरचं मटण या घरातलं सगळ्यात चांगलं मटण असलं पाहिजे. त्यांनी मागून मागून खावं, शेवटचा तुकडा गिळावा आणि मग मी बोलावं. दुखायचं ते पोटात नको, चारचौघांत झुकलेल्या मानेत दुखू दे.

अक्कानं विचारलं, हा घाणा कुणाचा? ढाब्याचा म्हणाले. तिनं एक पट्टी मोडून हुंगली, समाधानानं मान हलवली आणि गुणगुणत आत गेली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सगळी तयारी झाली. काय ठरलं ते लिहिते, म्हणजे ऐनवेळी पाय मागं घेता येणार नाही.

अक्काला सांगितलंय की लातूरच्या गंजगोलाईत, बाजारात, स्टीलचे मोठे हुक चांगले मिळतात, दोघी जाऊन निवडून आणू. ती लगेच तयार झाली. दुसऱ्या पेटीचं मोजमापही तिनं लिहून घेतलं. नांदेडला बस बदलून लातूर. स्टँडवरून रिक्षा मी करणार, पत्ता मी सांगणार. गल्लीच्या तोंडाशी उतरेपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही. कळलं तर ती म्हातारीसाठी मला अडवेल, तिचं मन मी जाणते.

मटण सुती कापडात बांधून पिशवीत. ते बर्फाशिवाय, फ्रिजशिवाय गेलं हे सगळ्यांनी बघायला हवं. पिशवीच्या तळाशी, कापडाखाली, तिचं मंगळसूत्र. मेमध्ये आल्या दिवशी तिनं ते काढून मायच्या ट्रंकेत टाकलं होतं, आज मी ते शोधून धुतलं. पाटावर बसताना लागेल.

अंजू खाली येणार आहे. तिनं परत विचारलं, राजकन्येला सांगितलंस ना? मी हो म्हणाले. हे खोटं आहे. पण तीन दिवसांनी ते खोटं राहणार नाही, म्हणून चालेल असं मी ठरवलंय.

सगळे जेवले की मी उभी राहणार. आधी विचारणार, कसं होतं. मग फ्रिज, कुलूप, किल्ली, गुरुवार आणि पायरी, याच क्रमानं. अंजू साक्ष देईल. सिंधुबाई साहेबासमोर हो म्हणेपर्यंत मी खाली बसणार नाही. आणि व्यंकट सगळ्यांच्या देखत हात जोडून अक्काला "घरी चल" म्हणेपर्यंत मी ती जागा सोडणार नाही. त्यानं तिला मानानं मामीच्या पाटावर बसवायचं. ती बसली, की माझं काम झालं. ती नको नको म्हणेल, रडेल सुद्धा, पण ते आनंदाचं असेल.

आत्ता बाहेर ती बालाजीशी पाइपाच्या जाडीवरून हुज्जत घालते आहे. आवाज थेट इथपर्यंत येतोय.

नांदेडहून परतीच्या बसचं मी विचारून ठेवलंय. येताना मी एकटीच असेन.

जावळ: शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६.